चिंधीची खूण

यंदा दर आठवड्याला एक पुस्तक वाचणार, असं मी एक जानेवारीला ऑफिसच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं. कोळवणहून पुण्याला एसटीनं जाताना वेळच वेळ असतो. शेजारी कोण बसणार, हे मात्र मी हिशेबात धरलं नव्हतं.

बाई पौडला उतरायच्या, तिथं त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. पदराला सुई टोचलेली, मांडीवर ब्लाउजांची पिशवी. पहिल्याच दिवशी मी पान उलटायला गेले, तर मशीनखाली कापड धरावं तसं त्यांनी ते दोन बोटांनी दाबून धरलं.

“थांब की गं. माजं व्हायचंय अजून.”

नाव विचारायचं राहिलं ते राहिलंच. त्या ओठ हलवत वाचायच्या, गंमत आली की मला कोपर मारायच्या आणि पौड आलं की पानात एक चिंधी खुपसून पुस्तक मिटायच्या. महिना संपला, पहिलं पुस्तक संपेना.

एकदा न राहवून मी घरी पुढचं प्रकरण वाचलं. चिंधी सरकलेली त्यांना लगेच दिसली.

“घरी वाचलंस व्हय? आता पुस्तक माज्याकडं. तुजा भरवसा न्हाई.”

पुस्तक ब्लाउजांखाली गेलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या मांडीवर आलं. चिंधी थेट शेवटच्या पानात होती.

“वाऱ्यानं सरकली असंल,” बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. पण त्यांना राहवेना. “शेवटी ती पोरगी माहेरीच ऱ्हाती. उद्या दुसरं आण.”

ग्रुपवर मी लिहिलं, “पहिलं पुस्तक पूर्ण.”