चावण्याचा आवाज

दातवाल्याला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, जबडे राहत. रस्त्यात कुणी हात केला की तो बावचळून जायचा, पण तोच माणूस हसला की ओळख पटायची. गेली तीस वर्षं तो कवळ्या बनवत होता. चार दंतवैद्य त्याच्याकडे तोंडाचे ठसे पाठवत. तो त्यात प्लास्टर ओतून जबडे काढायचा, मेणात दात बसवायचा, गुलाबी हिरड्या घडवायचा. घराच्या मागच्या खोलीत हे काम चाले आणि भिंतीवरच्या फळ्यांवर शेकडो पांढरे जबडे चिठ्ठ्या लावून ओळीनं बसलेले असत. नवख्या माणसाला त्या खोलीत पाऊल टाकवत नसे. याला मात्र तिथेच बरं वाटायचं, कारण ती तोंडं बडबड करत नव्हती.

घरात तो आणि त्याची ताई. ताई आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच त्याला वाढवलं. लग्न करायचं राहिलं ते राहिलंच, दोघांचंही. ताईच्या तोंडात याच भावानं केलेली कवळी होती. हिरड्या आक्रसल्या तशी ती सैल झाली, बोलताना टकटक वाजू लागली. "करतो गं पुढच्या आठवड्यात," असं हा दोन वर्षं म्हणत होता. साऱ्या गावाला दात पुरवणाऱ्याच्या घरात मोठी बहीण पाव दुधात बुडवून खात होती आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

एके दिवशी एका दंतवैद्यानं कवळी परत पाठवली. तिच्यात दोन खोडी होत्या. एक म्हणजे टाळूच्या बाजूला, गुलाबी प्लास्टिकच्या आत, बिस्किटाचा एक कण कायमचा अडकला होता. त्यावर दातवाला हसला. दुसरी खोड म्हणजे कडेला एक टोक राहिलं होतं आणि त्यानं पेशंटची हिरडी सोलली होती. दातवाल्यानं त्या टोकावरून बोट फिरवलं आणि त्याचं हसू मावळलं. बोटाला काही लागतच नव्हतं. पाचही बोटांची टोकं हातमोजा घातल्यासारखी मुकी झाली होती. या धंद्यात डोळा चुकला तर चालतं, शेवटची पारख बोटच करतं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण बोलायला स्पष्ट. रक्त तपासून त्यांनी सांगितलं, "काका, तीन महिने घ्या. साखर उतरली तर बोटं थोडीफार परत येतील. नाही उतरली तर हे काम सोडावं लागेल." दातवाल्याला दुसरं काहीच येत नव्हतं.

गोळ्या दिल्या, पण हे खाऊ नका, ते खाऊ नका अशी यादी काही बाईंनी दिली नाही. एक साधी वही आणायला सांगितली. रोज संध्याकाळी काम आटोपलं की दहा मिनिटं बसायचं. आज काय खाल्लं, बसून खाल्लं की उभ्यानं, भूक होती का, नसेल तर मग कशासाठी खाल्लं, ते खरं खरं लिहायचं. आणि आठवड्याला एकच सवय बदलायची, तीही लहानशी.

दातवाला नेमानं लिहू लागला. वहीतला दातवाला मोठा सज्जन निघाला. दोन वेळा जेवण, चहात दोनाच्या जागी एक चमचा साखर, अधलंमधलं काही नाही. स्वतःवर खूश होऊन तो पानाखाली तारीख घालायचा.

पण घरात काहीतरी खात होतं. सोमवारी भरलेला बिस्किटांचा डबा बुधवारी तळाला जायचा. झाकून ठेवलेल्या पावाचा लचका तोडलेला असायचा. आणि आवाज यायचा. दुपारी पॉलिशचं यंत्र सुरू केलं की थोड्या वेळानं कुठूनतरी चावण्याचा आवाज, सावकाश, ओलसर, अगदी कानाशी. तो यंत्र बंद करून श्वास रोखून ऐके. आवाज थांबलेला असे. मागे वळून पाहावं तर फळ्यांवरचे जबडे जागच्या जागी. यंत्र सुरू केलं, हात कामात रमला, की पुन्हा ते सुरू. एकदा तर त्यानं फळ्यांवरचे जबडे मोजून काढले आणि मग स्वतःचीच लाज वाटून कुणाला काही बोलला नाही.

महिन्यानं साखर तपासली तर ती वाढलेली. बाईंनी वही चाळली आणि इतकंच खाता का, असं हळूच विचारलं. इतकंच, शपथेवर सांगतो, असं हा म्हणाला. ते त्याला खरंच वाटत होतं, भयंकर होतं ते हेच.

घरी येऊन त्यानं सगळा राग ताईवर काढला. मी पथ्यानं मरतोय आणि तू चोरून डबे रिकामे करतेस, असं तो तिला म्हणाला. तिनं खाल्लं तर याची साखर कशी वाढेल, एवढा साधा विचारही त्याला सुचला नाही. ताईनं तोंडातली कवळी काढून त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. दातांवाचून तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"हिच्यानं?" ती म्हणाली. "हिच्यानं एक बिस्किट चावून दाखव मला. तूच केलीयेस ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी भरून मावसबहिणीकडे निघून गेली. त्यानं थांबवलं नाही. जगभरच्या तोंडांची पारख सांगणारा तो, त्याला बहिणीचं तोंड कळलं नव्हतं.

आता घरात तो एकटा. तिसऱ्या दुपारी यंत्र सुरू असताना चावण्याचा आवाज आला.

यंत्र बंद करून दातवाल्यानं मागचं पुढचं दार पाहिलं. दोन्हींना आतून कडी. परत फिरला तर कामाच्या टेबलावर, मेणाच्या पट्ट्यांशेजारी, चीजचा ठोकळा पडला होता. तो तिथे कुणी आणला, त्याला आठवेना. ठोकळ्याचा कोपरा चावलेला होता आणि चाव्याच्या कडा अजून ओल्या होत्या. दुसरा कुणी असता तर शेजाऱ्यांना हाका मारत सुटला असता. दातवाल्यानं आपलं तेच केलं जे त्याला येत होतं. प्लास्टर कालवलं, चाव्याच्या खाचेत ओतलं आणि ते घट्ट होईपर्यंत समोर बसून राहिला.

चीज खरवडून काढल्यावर पुढचे दात हातात आले. ताईच्या कवळीत आपणच बसवलेल्या दातांशी त्यानं ते मनात ताडून पाहिले. छे, ते तिचे नव्हते. मग दिव्याखाली धरले. वरच्या एका दाताच्या कडेला बारीक, गोल खाच होती. अशी खाच जन्मतः नसते. कवळीच्या आकड्यांची तार तीस वर्षं दातात धरून वाकवली की पडते. त्यानं टेबलावरची तार उचलली आणि त्या खाचेत ठेवली. चपखल बसली. मग तीच तार स्वतःच्या तोंडात, नेहमीच्या जागी धरली. तिथेही चपखल बसली.

तेवढ्यात पुन्हा आवाज आला. कानाशी, ओलसर, सावकाश. यंत्र तर बंद होतं. दातवाल्यानं तार खाली ठेवली, हात गालाला लावला, आणि हाताखाली जबडा हलत होता. तोंडात चीज होतं. ते कधी घातलं, त्याला ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यानं वहीत एकच ओळ लिहिली. "घरात जो खातो तो मी आहे, पण मी तिथे नसतो."

तो प्लास्टरचा चावा त्यानं वहीशेजारी, आपल्याकडे तोंड करून ठेवला. रोज दहा मिनिटं त्याच्यासमोर बसायचं, आज कधी आला होतास, असं विचारायचं, आणि डब्यात काय उरलंय ते पाहून उत्तर लिहायचं. हे करताना त्याला भीती वाटे, अगदी लहान पोरासारखी. पण हळूहळू त्या दुसऱ्याची वेळ कळली. तो दुपारी तीननंतर यायचा. भुकेला नसायचाच. काम चुकण्याची धास्ती वाटली, बोटाला कड लागली नाही, की यायचा.

मग पहिल्या आठवड्यात डबा कामाच्या खोलीतून बाहेर गेला. दुसऱ्या आठवड्यात नियम ठरला, खायचं तर खुर्चीवर बसून, ताटलीत घेऊनच. त्याच्या पुढच्या आठवड्यात, आधी लिहायचं आणि मग खायचं. मधे दोनदा घसरला, तेही लिहिलं. आवाज दिवसातून पाचदा यायचा तो तीनदा आला, मग एखाद्या दिवशी आलाच नाही. तिसऱ्या महिन्याअखेर साखर उतरली. अंगठा आणि पहिली दोन बोटं जागी झाली. उरलेल्यांचा भरवसा बाईंनी दिला नाही.

ताईला मात्र त्यानं तोंड दाखवलं नव्हतं. तिच्या हिरड्यांच्या ठशासाठी त्यानं एका दंतवैद्यालाच तिच्याकडे पाठवलं. आठ दिवस दुसरं काही हातात घेतलं नाही. जागी बोटं कडेवरून शंभरदा फिरवून त्यानं नवी कवळी पुरी केली आणि मावसबहिणीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"चुकलो ताई," तो म्हणाला. मग त्यानं कवळी तिच्यापुढे धरली.

ताईनं ती धुतली, तोंडात बसवली, जीभ फिरवून पाहिली. मग टेबलावरचा कडक टोस्ट उचलला आणि दुधाच्या कपाकडे न बघता चावला.

खोलीत चावण्याचा आवाज आला. दातवाला दचकला आणि त्याचा हात आपसूक गालावर गेला. जबडा स्थिर होता. पुन्हा आवाज आला, कुरकुरीत, मोठा. तरी जबडा स्थिरच. मग त्याला कळलं, हा आवाज तिचा आहे. गालावरचा हात तसाच ठेवून तो तिच्यासमोर बसून रडू लागला आणि ताई एकेक घास चावत राहिली.