गोपनीय पत्त्याचा फलक

दिनांक १७ फेब्रुवारी २०२५ रोजी आमच्या शेजारी अनुसूयाकाकूंना जिल्हा कार्यालयाची नोटीस आली. शासकीय फलक उपटून खासगी कामासाठी वापरल्याबद्दल त्यांनी खुलासा करावा आणि फलक आठ दिवसांत पूर्ववत उभारावा, असे तीत म्हटले आहे. काकू खुलासा करणार नाहीत. म्हणून मी करतो.

काकू सत्तरीच्या, विधवा. नारळ-सुपारीची वाडी, आणि राहत्या घराखेरीज वाडीच्या मागे दोन खोल्यांचे दुसरे घर. बोलण्याचा त्यांना विलक्षण सोस. गावातल्या सुनेला दिवस गेल्याचे तिच्या सासूच्या आधी काकूंना कळते आणि मग सर्वांनाच. जातीबाहेर लग्न केल्यामुळे जिवाला धोका असलेल्या जोडप्यांसाठी शासनाने सुरक्षागृहे काढली आणि काकूंनी मागचे घर त्यासाठी भाड्याने दिले, तेव्हा मी कपाळाला हात लावला होता.

डिसेंबरात प्राप्ती आणि निकेत राहायला आले. दोघांना खाडीत बुडवीन, असे प्राप्तीच्या ट्रकमालक चुलत्याने उघड सांगितले होते. काकूंनी गावाला 'भाची आणि जावई' एवढेच सांगितले. त्यापुढे अवाक्षर नाही.

शासनाने मात्र नियमाप्रमाणे रस्त्याच्या वळणावर फलक लावला: 'आंतरजातीय जोडप्यांसाठी सुरक्षागृह. पत्ता गोपनीय.' खाली ठळक बाण.

"बाण कशाला हो?" काकूंनी फलक बसवणाऱ्याला विचारले.

"लाभार्थी चुकायला नकोत, आजी."

"आणि मारायला येणारे?"

"त्यांच्यासाठी वेगळी तरतूद नाही."

त्याच संध्याकाळी काकूंनी वाडीवर कामाला येणाऱ्या भिकूकडून फलक उपटवला, अंगणात पालथा घातला आणि त्यावर सुपारी वाळत टाकली.

पण रिक्षावाल्या दिपेशने फलक आधीच वाचलेला होता. वाट विचारणाऱ्याला थेट दारात नेऊन सोडायचे, ही आमच्या गावाची जुनी खोड. जोडप्याच्या मागावर आलेल्या चुलत्याने वाट विचारताच त्याने त्याला अदबीने काकूंच्या अंगणात आणून उतरवले.

"त्या सरकारी पाटीचा घर ह्योच ना?" चुलत्याने विचारले.

"चपला काढा आधी. वाळवणात पाय नको."

त्याने निमूटपणे चपला काढल्या. जीव घ्यायला निघालेला माणूसही आमच्याकडे वाळवण तुडवत नाही.

"बसा. मी पाणी आणते. तोवर शेजारच्या कोंबड्या हाका." काकूंनी त्याच्या हातात काठी दिली.

कोंबड्या माझ्या होत्या. चुलता त्या पालथ्या फलकाशेजारी बसून त्यांना इमानेइतबारे हाकत होता, आणि काकू मागच्या दाराने प्राप्ती-निकेतला माझ्या स्वयंपाकघरात पोचवत होत्या. मग त्या कोकम सरबत घेऊन परतल्या आणि बोलू लागल्या. मुलाचा गुडघा, विहिरीचे पाणी, जावेचा स्वभाव. चुलत्याने दोनदा उठायचा प्रयत्न केला.

"सरकारी घर?" शेवटी काकू म्हणाल्या. "अहो, आमच्याकडे नळसुद्धा सरकारी नाही."

"न्हाय मावशी, चुकलो आमी. येतो." तो चपला हातात घेऊनच निघाला.

पुढच्या आठवड्यात तपासणीचे साहेब आले. त्यांनी मात्र सुपारी बाजूला सारून फलक अचूक ओळखला.

माझा खुलासा असा: गावातली कोणतीही बातमी जिच्या तोंडात संध्याकाळपर्यंत टिकत नाही, त्या बाईने हे गुपित राखले. ते फोडले शासनाने, रंगीत अक्षरांत. फलक पुन्हा उभा राहिला तर तो चुलता पुन्हा येईल आणि या वेळी कोंबड्या हाकत बसणार नाही.

गावाचे नाव मी लिहिलेले नाही. वाचकांनी ते ओळखले असल्यास कोणी पत्ता विचारला तरी सांगू नये. दारापर्यंत सोबत तर मुळीच करू नये.