पुसलं गेलेलं गोंदण

धारूरला माझा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. व्हिडिओ कॉम्प्युटरवर टाकले की आवाज साफ करणारे, चेहरे उजळणारे फिल्टर आपोआप लागतात.

एका दुपारी एक मेंढपाळ धापा टाकत आला. त्याच्या बहिणीचं लग्न मीच शूट केलं होतं.

"ताई, माय नारायणगडच्या जत्रंत हरवली. तिला गावाचं नावबी आठवत न्हाई. लग्नातला फोटो द्या."

व्हिडिओत माय सापडली, पण फिल्टरनं तिच्या कपाळावरचं ठसठशीत गोंदण पुसून टाकलं होतं.

"ही माय वाटतच न्हाई," तो म्हणाला.

मी कॅमेऱ्याची जुनी मेमरी कार्डं काढली. मूळ व्हिडिओ मी डिलीट तर केले नव्हते ना? तिसऱ्या कार्डावर ते मिळाले. गोंदण दिसणारा फोटो मी त्याला छापून दिला आणि तो घेऊन तो जत्रेत विचारत फिरला.

संध्याकाळी जत्रेतल्या एका चहावालीनं गोंदणावरून मायला ओळखलं आणि माय सापडली.