चाचांची मुंगी

शिरूरच्या लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या चाचांचं नाव मला अजून माहीत नाही. निमोण्याहून एसटीनं जाते, बाकावर बसते. ते हलक्या हातानं माझी बाही वर सारतात आणि म्हणतात, "बेटा, मुंगी चावंल हां." येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगतात. कुणी कळवळलं की लगेच "सॉरी, सॉरी" सुरू. एकदा तर एका मिशीवाल्या पैलवानाच्या दंडावर त्यांनी फुंकर घातली होती.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार आहे. डाव्या हाताचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही, हात बधिर झालाय. म्हणून सुई मी त्यातच टोचून घेते. तरी चाचा मुंगीचं सांगायचेच.

"चाचा, मला कुठं कळतंय?" मी एकदा म्हटलं.

"तुला न्हाई सांगत. हाताला सांगतो. त्याला सांगितल्याबिगर कसं टोचायचं?"

मध्यंतरी ताप आला आणि सीआरपी, म्हणजे अंगात कुठंतरी सूज आहे असं सांगणारा रक्तातला आकडा, बराच वाढला. औषधं झाली. परवा तीच तपासणी पुन्हा करायला गेले, तेव्हा आकड्याच्या धास्तीनं माझं कशातच लक्ष नव्हतं. चाचांनी सवयीनं मुंगीचं सांगितलं, डाव्या हाताला सुई टोचली आणि माझ्या तोंडून "स्स" निघालं.

चाचा थबकले. "चावली?"

"चावली, चाचा."

त्यांनी कापूस नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरला. सॉरी मात्र म्हणाले नाहीत.