वरून ओतलेले पाणी

आईचे वडील मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहात होते. रथाच्या दिवशी झालेल्या दगडफेकीत त्यांच्या डोक्याला खोक पडली. तिची खूण शेवटपर्यंत केसांत दिसे. सत्याग्रह थांबला, दार उघडले नाही आणि ते पुन्हा गोदावरीकाठच्या एका घरी गाईंसाठी गवताचे भारे टाकू लागले. आई लहानपणी त्यांच्याबरोबर जाई. भारा उतरवला की पाणी मिळे. पायरीखाली बसून ओंजळ धरायची आणि घरातल्या माणसाने वरून तांब्या ओतायचा, अशी रीत होती. त्या घरातला धाकटा मुलगा आईच्याच वयाचा. हे काम तो हौसेने करी. धार ओंजळीवरून हळूच तिच्या तोंडावर नेई, मग गळ्यात. तिचे वडील शेजारी उभे असत.

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका दैनिकात बातमीदार झालो. जुन्या नाशकात खोली बघायला गेलो की आधी आडनाव विचारले जाई. ते सांगितले की खोली नुकतीच दुसऱ्याला दिलेली असे. आम्ही सातपूरला कामगार वसाहतीतच राहिलो.

पुढच्या दशकात शहराला आपला इतिहास आठवला. सत्याग्रहींच्या वारसांचा सत्कार करायला एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष आईला आमंत्रण द्यायला स्वतः घरी आले, बरोबर फोटोग्राफर. पायरीवर चपला काढताना त्यांनी आपले जुने घर कुठे ते सांगितले. आईने त्यांच्याकडे नीट पाहिले.

ते म्हणाले, "तुमचे वडील आमच्याकडे यायचे, ताई. अगदी घरच्यासारखे. आमच्या घरात भेदभाव कधी नव्हताच."

"मग पाणी घ्याल ना माझ्या हातचं?"

"आनंदानं."

आई तांब्या घेऊन आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. ते खाली पायरीवर होते. त्यांनी तांब्यासाठी हात पुढे केला.

"तसं नाय, धाकले मालक," आई म्हणाली. "बसा. ओंजळ धरा."

हे संबोधन त्यांनी किती वर्षांनी ऐकले असेल, मला ठाऊक नाही. चेहऱ्यावरून त्यांना सगळे आठवल्याचे दिसले. फोटोग्राफर पाहत होता. ते पायरीवर बसले. आईने धार धरली, ओंजळ भरली, मग धार हळूच त्यांच्या तोंडावर नेली, तिथून गळ्यात. सदरा भिजला. त्यांनी "पुरे" म्हटले.

"पुरे म्हणायची रीत नव्हती," आई म्हणाली आणि तांब्या रिकामा केला. मी तिला थांबवले नाही. थांबवायची इच्छाही झाली नाही.

मला वाटले, हिशेब तिथे मिटला. सत्काराच्या दिवशी ते माइकवर म्हणाले, "परवा मी या माउलीच्या हातचं पाणी प्यायलो." सभागृहात टाळ्या पडल्या. खांद्यावर शाल घेतलेल्या आईने व्यासपीठावरून मला शोधले. तिला बोलायला कोणी सांगितले नव्हते.

घरच्या माणसाची बातमी आपण लिहायची नाही, असा आमच्या कचेरीत संकेत होता. ती बातमी मी मागून घेतली. भाषणातले वाक्य जसेच्या तसे दिले. त्याखाली ते पाणी कसे प्यायले, कुठे बसून, आणि तसे का, एवढेच लिहिले. विशेषण एकही नाही. समितीच्या फोटोग्राफरने पायरीवरचा फोटो आणून दिला, तोही छापला.

दुपारी अध्यक्षांचा फोन आला. त्यांना खुलासा छापून हवा होता. बातमीतले कोणते वाक्य चुकीचे आहे, असे मी विचारले.

"चुकीचं नाही," ते म्हणाले, "पण माझी नातवंडं वाचतात हो."

"वाचू द्या," मी म्हणालो.

संध्याकाळी आईने अंक माझ्या हातात दिला. सत्काराचा भाग तिने ऐकला नाही. "पाण्याचं तेवढं वाच," म्हणाली. वाचून झाल्यावर म्हणाली, "परत वाच."