ईस्टरच्या बाटलीचं बूच

सर्व ख्रिस्ती व बिगरख्रिस्ती बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, सत्तरच्या दशकातल्या एका ईस्टरला, सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा चर्चमध्ये, साठ-सत्तर निर्व्यसनी माणसांना सकाळी दहाच्या सुमारास दारू पाजण्यात आली. पाजणारा मी.

त्या वर्षी मी सांगलीला कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होतो आणि सुटीत घरी आलो की सगळ्यांना छळत होतो. वडील शाळेत गुरुजी, चर्चचे पंच आणि आमच्या मंडळीच्या दारूबंदी समितीचे प्रमुख. नाताळात त्यांना मी जेवताना विचारलं होतं, की बायबलातल्या काना गावच्या लग्नात प्रभूनं पाण्याचा द्राक्षारस केला खरा, पण पाण्यात कार्बन नसतोच, मग तो आला कुठून? वडिलांनी घास खाली ठेवला.

"तुझी सांगली पुढं चालू ठेवायची की तुला मास्तरकीच्या कोर्सला घालायचं, ते ईस्टरला ठरवू," ते म्हणाले.

चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं, तर ते हसले. "मला नाही ठाऊक बाबा. लग्नातल्या भोजनकारभाऱ्यानं चाखला आणि चांगला म्हणाला, एवढंच लिहिलंय."

मला दोन्ही हवं होतं. रविवारची गीतं हवी होती आणि सोमवारची परीक्षानळीही. तेव्हा विज्ञान देवाच्या कामी येतं, हे वडिलांना दाखवून द्यायचंच, असा मी चंग बांधला.

आमच्या प्रभुभोजनात, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी भाकर नि द्राक्षरसाचा घोट घ्यायच्या विधीत, दारूचा थेंब चालत नसे. त्यामुळे आई काळ्या मनुका रात्रभर भिजवायची, उकळायची, फडक्यानं गाळायची आणि तो रस चर्चला द्यायची. मी लहान असल्यापासून हे काम तिचंच होतं. त्या ईस्टरला मी तासगावकडची काळी द्राक्षं टोपली भरून एस्टीनं आणली आणि जाहीर केलं, की यंदा ताजा रस, आणि तोही न उकळता, कारण उकळल्यानं जीवनसत्त्वं मरतात.

"न उकळलेलं फसफसतं," आई म्हणाली.

"खमीर घातल्याशिवाय कसं फसफसेल, आई? पुस्तकात आहे ते."

"आंबोळीच्या पिठात कोण खमीर घालतं रे?"

मी हसलो. ज्यांना अणू-रेणू ठाऊक नाहीत त्यांच्याकडे पाहून एकोणीस वर्षांची मुलं जशी हसतात, तसा. गुरुवारी सकाळी रस काढला, दोन बाटल्या कढत पाण्यानं धुतल्या, भरल्या, बुचं ठोकून बसवली आणि चर्चच्या लाकडी कपाटात ठेवल्या. वर पत्रा आणि महिना एप्रिलचा.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. स्त्रिया पहाटे प्रभूच्या थडग्याकडे गेल्या, हे पाळकसाहेब वाचत होते. "आणि त्यांनी पाहिलं, तर धोंड लोटलेली..." एवढं होतंय तोच कपाटात धाडकन आवाज झाला. पुढच्या बाकावरची एक आजी गुडघ्यांवर बसली. दुसरी बाटली शहाणी निघाली. तिचं बूच दोन वचनं थांबून मग उडालं.

पाळकसाहेबांनी कपाट उघडलं. फेस बघितला, माझ्याकडे बघितलं, मग वर पत्र्याकडे बघितलं आणि प्रार्थना सुरू केली. इलाज नव्हता, दुसरा रस होता कुठं?

पेले फिरू लागले. पहिल्या रांगेत एक सेवानिवृत्त सुभेदार बसले होते. पलटणीतून आल्यावर त्यांनी माझ्या वडिलांसमोर सही करून दारू सोडली होती. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि पेला पुन्हा पुढं केला.

"काका, एकदाच घ्यायचं असतं," वडील कुजबुजले.

"गुरुजी, माझं पाप लई हाय."

मग वडिलांनी स्वतः घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सांगलीचं नाव खोडलेलं मला स्वच्छ दिसलं.

उपासना संपल्यावर आम्ही मागच्या खोलीत जमलो. प्रभुभोजनातलं उरलेलं ओतून द्यायचं नाही, पाळक आणि पंचांनी तिथंच संपवायचं, असा आमचा रिवाज. उरली होती जवळजवळ एक बाटली, आणि पंचांपैकी हजर होते एकटे वडील. औषध घेतल्यासारखं तोंड करून ते पिऊ लागले.

"प्रभूनं पाण्याचा केला," पाळकसाहेब आपला पेला उजेडात धरत म्हणाले. "तुमच्या चिरंजीवांना द्राक्षं लागली. फरक तेवढाच."

"सांगली बंद," वडील म्हणाले.

मी खाली मान घालून उभा होतो. खमीर द्राक्षाच्या सालीवरच असतं, हे मला दुसरं बूच उडालं तेव्हा आठवलं होतं. तो धडा मी पुढं कधीतरी वाचायचा म्हणून ठेवला होता.

आई दारातूनच म्हणाली, "अर्धं शिकलाय म्हणून हे झालं. आता अर्ध्यावर काढलात, तर जन्मभर असाच राहील."

वडिलांनी तिसरा पेला भरला, सावकाश संपवला, कोरडा पुसून पालथा घातला. आमच्या तोंडून 'हाय' नि 'न्हाई' निघालं तरी कान पिळणारा हा माणूस समोरच्या भिंतीकडे बघत, चर्चबाहेरच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "आरं, उद्याची सांगलीची पयली गाडी कवा हाय?"