मेस्त्रीकाकांचं खुराडं

मेस्त्रीकाका गेल्याचं मला शाळेत, मधल्या सुट्टीत कळलं. इथे ओमानात, सहम गावातल्या त्यांच्या सुतारकामाच्या दुकानातल्या एका सोबत्याने मेसेज पाठवला होता. कुडाळजवळच्या गावी, सकाळी चहा घेता घेता बसल्या जागी... हृदयविकाराचा झटका. बावीस वर्षं ओमानात काढून गेल्याच वर्षी ते कायमचे घरी गेले होते. पुढच्या तासाला मी सातवीला गणित शिकवलं, पण काय शिकवलं ते आठवत नाही. आता सहा आठवडे झाले.

त्यांचं पूर्ण नाव रामचंद्र मेस्त्री. आमच्या घराचा दरवाजा उन्हाने वाकला, तेव्हा तो दुरुस्त करायला ते पहिल्यांदा आले. नवरा सोहारच्या बंदरावर नोकरीला, मी शाळेत, आणि दहा वर्षांची सई अंगणात एकटी. आमच्या ओमानी घरमालकाने, इथल्या भाषेत अर्बाबने, तिला नुकत्याच तीन कोंबड्या दिल्या होत्या आणि त्या फळांच्या खोक्यात राहत होत्या. दरवाजा बसवून झाल्यावर काका खोक्यापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "ह्या काय घर झाला?" सईला मालवणी कळेना. तिचं मराठीच मुळात अडखळतं, शाळेत सगळं इंग्रजी. पण पुढच्या शुक्रवारी काका दुकानातले उरलेले सागाचे तुकडे घेऊन हजर झाले, तेव्हा तिला बरोबर कळलं.

ते खुराडं पाहायला शेजारपाजारचे लोक येत. एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले. वर उतरतं छप्पर, दाराला जाळी, जाळीभोवती कोरलेली वेल. एवढी मेहनत कोंबड्यांसाठी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "दारातसून लोक नुसते जातत-येतत. हेच्यात जीव रवतले." मग दर शुक्रवारी सकाळी ते येऊ लागले. कोंबड्यांना दाणे घालायचे, माझ्या हातचे पोहे खायचे, सईला शब्द शिकवायचे. तुरो म्हणजे तुरा, पाख म्हणजे पंख, खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसून राहिलेली कोंबडी. आमच्या घरात तोवर कुणाशीही मराठीत दोन वाक्यं न बोलणारी मुलगी गुरुवारपासूनच 'काका कधी येणार' म्हणून विचारू लागली.

उन्हाळा संपता संपता चांदणी नावाची पांढरी कोंबडी मलूल झाली. अंडी बंद, मान खाली, तुरा फिका पडत चाललेला. सई म्हणाली, "काका, ती रात्री आत जायला नाही म्हणते. तिला घर आवडत नाही आता." काकांना ते लागलं असावं. "बाय, ती खुडूक बसली हा. धा-बारा दिवसांत उठतली," एवढंच बोलून ते पोहे खाऊ लागले. पुढच्या शुक्रवारी सईने तेच सांगितलं, त्यांनी तेच उत्तर दिलं. मला कोंबड्यांतलं काही कळत नव्हतं. मी काकांवर विश्वास ठेवला आणि मुलीला म्हटलं, मोठ्यांना जास्त कळतं. ते वाक्य मला अजून टोचतं...

चांदणी एका बुधवारी गेली. शुक्रवारी काका आले तेव्हा सई पायरीवर बसली होती, मुठीत टिश्यू पेपर घेऊन. कोंबड्या ज्या दांडीवर झोपतात तिच्या खालच्या बाजूने तिने तो फिरवला होता. कागदावर तांबड्या रेघा होत्या. काकांनी कागद उजेडात धरला. मग सुरीचं टोक दांडीच्या सांध्यात घालून हलवलं, तर आतून मोहरीहून बारीक, लालसर किडे भराभर बाहेर आले. गोचिडीच्या कुळातले हे जीव. दिवसा लाकडाच्या फटीत लपतात, अंधार पडला की झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितात, आणि उजाडलं की परत फटीत. कोंबडीच्या अंगावर दिवसा शोधलं तर सापडत नाहीत. इथल्या उन्हाने साग आकसला होता आणि काकांच्या प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट पडली होती.

काकांनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाले, "सये, चूक माझी. तू सांगत होतंस, मी आयकलंय नाय. माका वाटला, माझ्या सांध्यात वारोसुद्धा शिरूचो नाय."

मग त्यांनी पिशवीतून हातोडी काढली आणि ते खुराडं तोडलं. मी म्हटलं, काका, औषध मारून बघू, एवढं कोरीव काम... त्यांनी नकाराने मान हलवली. वेलीची पट्टीसुद्धा ठेवली नाही. अंगणाच्या कोपऱ्यात सगळं जाळलं आणि ते शेवटपर्यंत तिथे उभे राहिले. मग पशुवैद्याच्या दुकानातून पावडर आणून त्यांनी उरलेल्या दोन्ही कोंबड्यांच्या पंखांखाली, शेपटीच्या मुळाशी लावली. सई कोंबडी धरत होती. आठवड्याने परत लावायची, कारण किड्यांची अंडी फुटून नवे निघतात, हेही त्यांनी दुकानदाराकडून विचारून आणलं होतं. लोळायला वाळू आणि राख भरलेलं घमेलं ठेवलं. नवं खुराडं लोखंडी नळ्यांचं आणि साध्या पत्र्याचं केलं. दिसायला अगदीच ओबडधोबड. दांड्या नुसत्या वर टेकवलेल्या, हाताने उचलून पुसता येतील अशा. मी सहज म्हटलं, पहिलं किती सुंदर होतं. ते म्हणाले, "घर कोंबडेक व्हया, मेस्त्रीक न्हय." पुढची सहा वर्षं ते येत राहिले आणि सईने सांगितलेलं पहिल्यांदा ऐकून घेत राहिले. मीही ते त्यांच्याकडूनच शिकले.

तीन आठवड्यांपूर्वी धीर करून मी त्यांच्या पत्नीला, सुनंदावहिनींना, व्हिडिओ कॉल केला. थोडं रडून झाल्यावर मी घरचं विचारलं. मग त्या म्हणाल्या, गावी आल्यावर ह्यांनी कोंबड्या पाळल्या होत्या, पण ते गेल्यापासून त्या मान टाकून बसतात. खुडूक असतील, असं शेजारीण म्हणते. सतरा वर्षांची सई अभ्यास टाकून उठली आणि तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"काकी, एक पांढरा कपडा घ्या. कुठलाही."

वहिनी काकांचं जुनं बनियन घेऊन मागच्या पडवीत गेल्या. फोन हलत होता. मग खुराडं दिसलं. सुपारीच्या खोडांचं, खिळ्याविना, आणि आतली दांडी नुसती टेकवलेली. वहिनींनी ती एका हाताने अलगद उचलली, खालून पुसली, आणि बनियन कॅमेऱ्यासमोर धरलं.

"तांबडा आसा, बाय."

"घाबरू नका," सई म्हणाली, "तेंनी सगळं सुटं केलंय. पहिलं पाणी उकळत ठेवा, दांडीवर ओतायला. मी आहे फोनवर."